पाणी कोण मारणार?

आमच्याकडं साइटवर संध्याकाळी थाप्या, घमेली धुवून झाली की एक प्रश्न ठरलेला असतो, सकाळी पाणी कोण मारणार? ज्यांनी घर बांधलंय त्यांना सांगायला नको, पण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाणी पिऊन घट्ट होतं, म्हणून नव्या कामावर निदान सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, खांबांना ओलं गोणपाट गुंडाळायचं, स्लॅबवर आळी करून पाणी भरून ठेवायचं. एवढं नाही केलं तर माल कितीही चांगला कालवलेला असू दे, दोन वर्षांत नखानं उकरून निघतो. माझे वडील गवंडी होते आणि ते म्हणायचे की भिंत गवंडी बांधतो पण टिकवतो पाणी मारणारा, आणि पाणी मारणाऱ्याचं नाव कोणी विचारत नाही.

हे सगळं मी तीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो. आणि तरी केनियात जाऊन पहिले चार दिवस मी हेच विसरलो, म्हणून लिहायला बसलोय.

आमचं घर हर्णैच्या बाजूला, दापोली तालुक्यात. आम्ही ख्रिस्ती, आजोबांच्याही आधीपासून. मुंबईच्या एका चर्चच्या मंडळीनं ठरवलं की केनियाच्या किनाऱ्यावर, किलिफीच्या आतल्या भागात एका गावात शाळेची एक खोली बांधून द्यायची, चौदा जण जायचे, बारा दिवस काम करायचं, स्वतःच्या खर्चानं. त्यात शिक्षक होते, बँकेतले होते, दोन नर्स, कॉलेजची पोरं. बांधकाम कळणारं कोणी नव्हतं म्हणून पाळकसाहेबांनी मला फोन केला. मी लगेच हो म्हटलं. खरं सांगतो, मला त्या वेळी फार आनंद झाला होता, देवानं माझ्या हातातल्या कामालाच बोलावलं असं वाटलं, भाषण करता येत नाही, प्रार्थना चारचौघांत नीट करता येत नाही, पण ओळंबा धरता येतो.

शेजारच्या अण्णांनी विचारलं, "बाटवायला चाललात की काय रे?" अण्णा माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, त्यांच्या मनात काही नव्हतं, पण प्रश्न खोटा नव्हता. मी म्हटलं, "अण्णा, तिकडं चर्च आहे, मशीदही आहे, वर्गात दोन्हीकडची पोरं एका बाकावर बसतात, आम्ही फक्त खोली बांधायला चाललोय." ते म्हणाले, "मग चांगलं आहे, आपल्याकडं पण गोऱ्यांनी शाळा काढल्याच की."

काढल्या होत्या. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे डोनाल्ड मिचेल बाणकोटला येऊन पोचले आणि त्याच वर्षी वारले. मागून आलेल्या लोकांनी बाणकोट, हर्णै भागात शाळा चालवल्या. जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं गिरगाव चौपाटीसमोर कॉलेज आहे, ते १८२९ मध्ये आले तेव्हा मराठी शिकायला आधी इकडंच आले होते. पुढं दापोलीला मिशन हायस्कूल झालं. पां. वा. काणे तिथूनच मॅट्रिक झाले, त्यांना १९६३ ला भारतरत्न मिळालं. पालगडचे साने गुरुजी पण तिथंच शिकले. ख्रिस्ती भजनं लिहिणारे नारायण वामन टिळकसुद्धा आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. शाळा काढणाऱ्यांच्या मनात धर्म होताच, तो मी लपवणार नाही, पण त्या वर्गांतून धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे काणे निघाले हेही तेवढंच खरं आहे. परक्या माणसानं बांधलेल्या शाळेचं पुढं काय होईल ते बांधणाऱ्याच्या हातात राहत नाही.

मुंबईहून नैरोबी, तिथून मोंबासा, तिथून गाडीनं उत्तरेला. आणि गाडीच्या काचेतून बाहेर बघतो तर काय, माड, काजू, आंबा, झावळ्यांनी शाकारलेली घरं, त्या छपराला तिकडं माकुती म्हणतात. माडाला मडकी लटकवून माडी काढतात, तिला म्नाझी. शहाळ्याला मडाफू. एका घरात बाई बसून नारळ खवत होती, बुडाखाली लाकडाची घडीची बैठक आणि पुढं दातेरी पातं, आमच्या आईची खवणी जशी. त्याला तिकडं म्बुझी म्हणतात, म्हणजे बकरी. दुकानाला डुका, गाडीला गारी. माझ्या शेजारी बसलेली नर्सताई म्हणाली, "भाऊ, हे तर गुहागरच आहे." शेकडो वर्षं याच वाऱ्यांवर गलबतं इकडून तिकडं गेली, तिकडून इकडं आली, तर असणारच ना. नोव्हेंबर-डिसेंबरापासून मार्चपर्यंत वाहतो तो कास्काझी, आपल्याकडून त्यांच्याकडं नेणारा, आणि मग एप्रिलपासून उलटा कुसी. आम्ही मार्चात गेलो, कास्काझी संपत आलेला, पाऊस एप्रिलात सुरू होणार होता.

दगडही ओळखीचा निघाला. म्हणजे चिरा नव्हता, पण चिऱ्याचा चुलतभाऊ म्हणा. फार जुन्या काळी समुद्राखाली असलेल्या प्रवाळाचा खडक, तो खाणीत कापून चौकोनी ब्लॉक काढतात, हुबेहूब आमच्या चिरेखाणीसारखं. रंग तेवढा पांढरट पिवळा. मोंबासाचा फोर्ट जीझस पोर्तुगीजांनी १५९३ ते १५९६ मध्ये याच दगडात बांधला, अजून उभा आहे. मी ब्लॉक हातात घेतला, बोटानं घासला, भोकं भोकं, चिऱ्यासारखाच पाणी शोषणारा. कोरडा लावला तर मालातलं पाणी ओढून घेणार. म्हणजे आधी ब्लॉक भिजवायचा, मग लावायचा, मग वरून पाणी मारायचं. पाणीच पाणी.

तिकडच्या गवंड्याला फुंडी म्हणतात, फुंडी म्हणजे कारागीर, मग तो गवंडी असो, सुतार असो की शिंपी. आमच्याबरोबरचा फुंडी साठीच्या घरातला, बोलायला कमी. इंग्रजी त्याची आणि माझी सारखीच मोडकी, त्यामुळं आमचं छान जमलं. पहिल्या दिवशी त्यानं माझ्या हातातली थापी घेतली, उलटसुलट करून बघितली, परत दिली आणि दोरी बांधायला लागला. दोरी ताणून गाठ मारायची त्याची पद्धत आणि माझ्या वडिलांची एकच होती. कोणी कोणाला शिकवली असेल देव जाणे.

काम झपाट्यानं चाललं. पोरं उत्साहात, गाणी म्हणत घमेली उचलत होती, जोतं आधीच गाववाल्यांनी भरून ठेवलं होतं, त्यामुळं आम्ही थेट भिंतीला हात घातला. चार दिवसांत खिडकीच्या पातळीला आलो. आणि मी दिवसभर ओरडत होतो, पाणी मारा, अजून मारा, कोपरा कोरडा राहिलाय, ओता. पिपं भरलेली असायची. कोण भरतं ते मी बघितलंच नाही.

पाचव्या दिवशी मला पहाटे जाग आली म्हणून लवकर साइटवर गेलो. वाटेवरून पोरी येत होत्या, ओळीनं, डोक्यावर पिवळे कॅन, तेलाचे वीस लिटरवाले. शाळेच्याच युनिफॉर्ममध्ये. त्यातली सगळ्यात छोटी दहा वर्षांची असेल, तिनं कॅन उतरवला, पिपात ओतला, आणि परत वाटेला लागली. शाळेची घंटा झाली, तास सुरू झाला, आणि त्या पोरी अजून पाणीच आणत होत्या. पाण्याची जागा लांब होती, एका खेपेला पाऊण तास. मी म्वालिमूंना, म्हणजे बाईंना विचारलं तर त्या सहज म्हणाल्या, बांधकाम आहे तोवर मोठ्या वर्गातल्या मुली पहिले दोन तास पाणी आणतात, पाहुणे काम करतायत तर एवढं करायलाच पाहिजे. मी हिशेब केला. आमचं काम दिवसाला तीसेक कॅन पीत होतं. सहाशे लिटर. ज्यांच्यासाठी वर्ग बांधतोय त्यांनाच आम्ही वर्गाबाहेर काढलं होतं.

मला माझी थोरली ताई आठवली. आमच्या वाडीवर पाऊस एवढा पडतो की जुलैत चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि एप्रिल-मे आला की विहिरीचा तळ दिसतो आणि टँकरची वाट बघायची. ताई चौथीत पहिली आली होती. पाचवीला शाळा लांब आणि घरचं पाणी तिच्याकडं, म्हणून ती राहिली. मी शिकलो. ती कधी बोलली नाही त्यावर, आजही बोलत नाही, पण माझ्या मुलीच्या दहावीच्या रिझल्टला ती आमच्या घरी येऊन मार्कशीट हातात धरून किती तरी वेळ बसून राहिली होती. त्या पहाटे त्या छोटीच्या डोक्यावरचा कॅन बघून मला सगळं एकदम आठवलं आणि मी तिथंच ब्लॉकच्या ढिगावर बसलो. फुंडी आला, शेजारी बसला. मी त्या पोरींकडं बोट दाखवलं. तो म्हणाला, "माजी क्वांझा." माजी म्हणजे पाणी, क्वांझा म्हणजे आधी. मग तो जुन्या वर्गांच्या पत्र्याकडं बघायला लागला. त्या पत्र्याला पन्हळ नव्हती.

आता हे किती साधं आहे बघा. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होतं. साठ चौरस मीटरचा पत्रा, दहा मिलिमीटरची एक सर, सहाशे लिटर. म्हणजे त्या पोरी दिवसाला जेवढं आणत होत्या तेवढं, एका सरीत, वरून, आपोआप. आणि पाऊस तीन आठवड्यांवर आला होता. फुंडीला हे आधीपासून माहीत होतं, गावाला माहीत होतं, फक्त आम्ही खोलीचे पैसे घेऊन आलो होतो आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं. खोली नको असं त्यांचं म्हणणं नव्हतंच. २००३ साली केनियानं प्राथमिक शिक्षण मोफत केलं तेव्हा एका वर्षात दहा लाखांहून जास्त नवी मुलं शाळांत आली, तेव्हापासून खोल्या कमीच पडतायत, झाडाखाली वर्ग भरतात. खोली पाहिजेच होती. पण आधी पाणी.

रात्री टीममध्ये हे काढलं तर वाद झाला. आमचे टीम लीडर सज्जन माणूस, पण त्यांचाही प्रश्न बरोबर होता, लोकांनी वर्गखोलीसाठी पैसे दिलेत, कुणी आईच्या नावानं दिलेत, त्यांना टाकी आणि पन्हळीचा फोटो कसा दाखवायचा? मी चिडलो, नको ते बोललो, नर्सताईंनी मध्ये पडून थांबवलं. निर्णय झाला नाही, प्रार्थना करून झोपलो.

दुसऱ्या दिवशी रविवार. उपासनेनंतर तिथले पाळक आम्हाला मोंबासाला घेऊन गेले, फ्रिअरटाउनची जुनी घंटा दाखवायला. आणि तिथं त्यांनी जे सांगितलं ते ऐकून आम्ही सगळेच गप्प झालो. नाशिकचा शरणपूर रोड आपल्याला माहितीये, पण ते शरणपूर म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीनं १८५४ मध्ये वसवलेली ख्रिस्ती वस्ती. अरबी समुद्रात इंग्रज जहाजं गुलामांची गलबतं पकडायची, त्यातली सुटलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवायची, आणि त्यातली बरीच शरणपूरला यायची. तिथं त्यांना अक्षरओळख, सुतारकाम, लोहारकाम शिकवायचे. मिशनरी लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले, त्यांचा देह आतून किनाऱ्यावर आणणाऱ्यांत होते ते जेकब वेनराइट नाशिकचेच विद्यार्थी, आणि त्यांच्याबरोबरचे चुमा आमच्या हर्णैला येऊन गेलेल्या त्या विल्सनसाहेबांकडं मुंबईला शिकलेले. पुढं १८७५ च्या सुमाराला शरणपूर चालवणारे प्राइस यांनीच मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रिअरटाउन उभं केलं, मुंबईचे आधीचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावानं, आणि त्या कामाला शरणपूरहून आलेले हे आफ्रिकन लोक होते. तिकडं त्यांना बॉम्बे आफ्रिकन म्हणत. शाळामास्तर, सुतार, उपदेशक.

मी त्या घंटेखाली उभा होतो आणि विचार करत होतो की ही आपल्या महाराष्ट्रात काम शिकलेली माणसं, त्यांनीही इथं शाळा चालवल्या, पण ती बारा दिवसांचं तिकीट काढून आली नव्हती. ती राहिली. त्यांची लग्नं इथं झाली, थडगी इथं आहेत. आम्हाला राहायचं नव्हतं, आम्हाला नोकऱ्या होत्या, घरं होती, त्यात पापही काही नाही. पण मग जे राहणार आहेत त्यांना विचारल्याशिवाय आम्ही थापी कशी हातात घेतली?

परतीच्या गाडीत टीम लीडर माझ्या शेजारी येऊन बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाऊ, टाकीला किती खर्च येईल?"

उरलेल्या दिवसांत आम्ही हे केलं. नव्या खोलीचं काम लिंटेललाच, म्हणजे दार-खिडकीच्या वरच्या पट्टीलाच, थांबवलं. जुन्या दोन वर्गांना पन्हळ बसवली, दहा हजार लिटरची काळी टाकी आणली, तिच्यासाठी दगडाचा भक्कम चौथरा केला, पहिल्या सरीचं घाण पाणी बाहेर सोडायला एक पाइप आणि बूच ठेवलं. जे पैसे उरले त्यात मुलींसाठी दोन संडास. संडासाचं डिझाइन फुंडीचं, त्याला खड्ड्यातून वर जाणारा उंच पाइप आणि पाइपच्या तोंडाला जाळी. आत अंधार ठेवायचा, म्हणजे खड्ड्यातली माशी उजेडाकडं म्हणून पाइपमधून वर जाते आणि जाळीत अडकून मरते, वाराही पाइपमधूनच वास ओढून नेतो. ही पद्धत झिम्बाब्वेत १९७० च्या दशकात पीटर मॉर्गन यांनी बसवली, ब्लेअर लॅट्रिन म्हणतात. त्याला फ्लशला पाणीच लागत नाही. मी तीस वर्षं बांधकामात आहे, मला हे माहीत नव्हतं, मी वहीत मापं उतरवून घेतली.

आणि एक गोष्ट मला फार आवडली. सगळं सामान फुंडीनं बाजारात स्वतः निवडलं. नळ सुद्धा. आमच्या पोरांना स्टीलचा चकचकीत नळ घ्यायचा होता, त्यानं साधा पितळी घेतला, कारण त्याचा वायसर त्यांच्या गावच्या डुक्यात मिळतो.

बायबलातल्या नहेम्याच्या पुस्तकात यरुशलेमची भिंत बांधतात तेव्हा कोणी कुठला भाग बांधला त्याची लांबलचक यादी आहे, लहानपणी संडेस्कूलमध्ये ती यादी वाचताना कंटाळा यायचा. त्यात कितीतरी जण स्वतःच्या घरासमोरचा तुकडा बांधतात. शेवटच्या रात्री तीच यादी वाचायला घेतली, मराठीतून, आणि मला वाचता वाचता थांबावं लागलं.

निघायच्या सकाळी मी फुंडीला विचारलं, "पाणी कोण मारणार?" चौथऱ्याचं काम ताजं होतं, संडासांचं पण. त्यानं शाळेच्या फळ्याकडं नेलं. फळ्यावर नावं लिहिली होती, दिवसवार, गावातल्या मोठ्या माणसांची, बाया आणि बाप्ये. पोरींपैकी एकीचंही नाव नव्हतं. म्वालिमू हसत होत्या.

परत आल्यावर मंडळीत रिपोर्ट दिला. फोटोत अर्धी खोली, छप्पर नाही. काही जण नाराज झाले, एका आजींनी सरळ विचारलं की आमची खोली कुठाय? टीम लीडर उभे राहिले आणि त्या पाणी आणणाऱ्या पोरींबद्दल बोलले, मी बोललो असतो त्याच्यापेक्षा खूप चांगलं बोलले. आजी ऐकून घेऊन म्हणाल्या, "मग खोली पण पुरी करा." त्यांचंही बरोबर आहे. खोली आता फुंडी आणि गाववाले पुरी करतायत, पैसे टप्प्याटप्प्यानं जातायत, आम्ही जाणार नाही. एप्रिलच्या मध्यावर मला व्हॉट्सअॅपवर त्याचा व्हॉइस मेसेज आला, बोलणं काहीच नाही, फक्त रिकाम्या टाकीत पाणी पडायचा आवाज, मिनिटभर. मी ताईला ऐकवला. तिनं परत लावायला सांगितला.

आमच्या इथल्या शाळेचं सांगायचं राहिलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, दापोली तालुक्यात किती माड, किती सुपारी पडली ते सगळ्यांना माहितीये, शाळांचे पत्रे उडाले. नंतर मदत आली, लोक मनापासून आले, मी नाव घेणार नाही कोणाचं. जवळच्या एका वाडीवरच्या शाळेला शहरातून आलेल्या एका टीमनं टाइल्स लावलेले संडास बांधून दिले, वर पाटी, फोटो, पेढे. पाण्याची सोय नव्हती. सहा महिन्यांत कुलूप लागलं. मी रोज त्या रस्त्यानं जातो आणि रोज मनात त्या टीमला नावं ठेवायचो. आता तोंड नाही ठेवायला. ती माणसं तीनशे किलोमीटरवरून आली होती, मी वीस मिनिटांवर राहतो, पन्हळीचा पत्रा माझ्या गोडाऊनला पडून आहे आणि पाऊस तर आपल्याकडं काय मागायला लागत नाही.

गेल्या शनिवारी दोन पोरांना घेऊन गेलो. अण्णा पण आले, म्हणाले मी बसून बघतो. छपराचं माप घेतलं, बत्तीस चौरस मीटर भरलं, पन्हळ बसेल, पण पागोळीकडचा वासा कुजलाय तो आधी बदलायला लागेल. संडासाच्या कुलपाची किल्ली कोणाकडं आहे ते शाळेत कोणालाच सांगता येईना. खालच्या वाडीतल्या एका वहिनींकडं असेल म्हणाले. त्या मुंबईला गेल्यात, बुधवारी येतायत.